वॉरक्राफ्टमध्ये कमाईचा धंदा कोणता?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये एका कॅरेक्टरला मुख्य धंदे दोनच. नवखे हौसेने ब्लॅकस्मिथिंग (लोहारकाम) घेतात आणि धातू विकत घेता घेता कंगाल होतात. आधी हर्बलिझम (औषधी पाला गोळा करणं) आणि मायनिंग (खनिज खणणं) घ्या. भांडवल जवळपास शून्य. (मिनीमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, एकावेळी पाला किंवा खनिज, एकच दिसतं, तेवढी कटकट.)

पुढे मायनिंग सोडून अल्केमी, म्हणजे पाल्यापासून पोशन (औषधी काढे) बनवणं. तलवार घेतलेलं गिऱ्हाईक महिनोन्महिने फिरकत नाही, पोशन मात्र प्रत्येक रेडला (मोठ्या गटाच्या मोहिमेला) संपतात. पण बनवण्याआधी हिशोब करा: ऑक्शन हाउस (गेममधला लिलाव-बाजार) विक्रीतले 5 टक्के कापतं. 100 सिल्व्हरची (गेममधली चांदीची नाणी) पोशन विकली की हाती 95. पाला विकला तरी तेवढेच टक्के कापले जातात, म्हणून तिला लागणाऱ्या पाल्याचाच भाव 100 किंवा जास्त असेल, तर बनवू नका, नुसता पालाच विका.