मुलाचा सोमवारचा खाडा कसा बंद झाला (माझा अनुभव)

माझा मुलगा चौथीत आहे, आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ राहतो. सोमवार आला की याचं पोट दुखायचं आणि मी पण म्हणायचे जाऊदे, एक दिवसाने काय होतंय. मग एकदा कॅलेंडरवर खाडे लाल पेनाने गोल करून बघितले तर धक्काच बसला, महिन्याला दोन म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांत वीस होतात, आणि आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात पाचवीपर्यंत शाळेचे दिवसच किमान 200 धरलेत, म्हणजे दहा टक्के शाळा घरीच गेली की!

गोल सगळे सोमवारीच का, तर रविवारी रात्री आम्ही सराफ्यात (इथली रात्रीची खाऊगल्ली) जायचो, भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा पदार्थ), जिलबी, घरी यायला साडेअकरा. त्याची झोपच होत नव्हती बिचाऱ्याची. आता सराफा फक्त शनिवारी, रविवारी नऊला दिवे बंद, दप्तर आणि युनिफॉर्म संध्याकाळीच तयार.

पण एवढ्याने पूर्ण थांबलं नाही हं. मग रागावणं सोडून शांतपणे विचारलं तेव्हा कळलं सोमवारी पाढ्यांची टेस्ट असते, त्याची भीती. टीचरना भेटले, त्यांनी महिनाभर त्याची टेस्ट एकट्याची घेतली, आजी रोज रात्री पाढे म्हणून घेते, पावकी-निमकी म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे सुद्धा (त्याला जाम आवडतात).

ताप, उलटी असेल तर घरीच ठेवते, त्यात जबरदस्ती नाही. जुलैपासून एकच गोल झालाय, तो पण खऱ्या तापाचा.