मराठवाड्याच्या उन्हात समुद्रपुष्प कसं जगवावं

समुद्रपुष्प, म्हणजे दुकानात ज्याला नुसतं ॲनिमोन म्हणतात, ते दिसायला फूल असलं तरी प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून त्याला पुरवतं. पाणी तापलं किंवा बिघडलं की हे शैवाल निघून जातं आणि ॲनिमोन पांढरं पडतं. दुकानात पांढरंशुभ्र ॲनिमोन 'स्पेशल' म्हणून दाखवलं, तर ते उपाशी आहे असं समजा आणि घेऊ नका.

आमच्या लातूरला, बीडला किंवा परभणीला रीफ टाकी, म्हणजे ॲनिमोन-प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवायची तर खरी कसोटी दोनच गोष्टींची आहे: पाणी आणि ऊन. बाकीचं शिकता येतं.

आधी पाणी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट वापरू नका. पिण्याच्या आरओचंही पुरत नाही, त्यात क्षार उरतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी जोडा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आल्यावरच ते पाणी घ्या. त्यात सागरी ॲक्वेरियमचंच मीठ घाला, स्वयंपाकाचं नाही. प्रमाण लिटरला साधारण ३५ ग्रॅम. पंप लावून एक दिवस फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, घनता १.०२५ ते १.०२६ येते का ते बघा. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं ते गटारात सोडणं मला पटत नाही. पिंपात साठवून फरशी पुसायला आणि संडासात वापरा.

टाकी किमान दीडशे लिटरची हवी, आणि ॲनिमोन आणण्याआधी तिला सहा महिने तरी झालेले हवेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दहा पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत, क्षारता ८ ते १० डीकेएच (क्षारतेचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम. हे आकडे महिनाभर हलले नाहीत, तरच पुढचं पाऊल टाका.

आता ऊन. पाणी २४ ते २७ अंशांत राहायला हवं, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४२ असतं. पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर, उत्तम, पण महाग आणि वीज खाणारा. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला छोटा पंखाही दोन-तीन अंश उतरवतो, कूलरचं तत्त्व तेच. खोली तेवढ्याने भागणार नाही इतकी तापत असेल तर मात्र पंख्यावर विसंबू नका. शिवाय पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही. माझं पहिलं ॲनिमोन मी यातच गमावलं. टाकी शंभर लिटरची होती, रोज तीनेक लिटर पाणी कमी व्हायचं आणि त्या जागी मी खारं पाणी भरत राहिलो. पाच दिवसांत घनता १.०३० वर गेली. ते आधी आक्रसलं, मग तोंड उघडं पडलं, आणि मला कारण कळलं तेव्हा उशीर झाला होता. काचेवर चिकटपट्टीने पातळीची खूण करा आणि उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओ-डीआयचं गोडं पाणी घाला, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून निदान एक पंप इन्व्हर्टरवर ठेवा. डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटरही लागतो.

नवख्याने बबल टिप जातीपासून सुरुवात करावी. शक्यतो दिवाळीनंतर आणा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी त्याला रुळायला वेळ मिळतो. घेताना तोंड घट्ट मिटलेलं, पाय न फाटलेला आणि शुंडके चिकट आहेत ना ते पाहा. पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणारी पिशवी थर्माकोलच्या खोक्यातच मागवा. घरी आल्यावर बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत तासाभरात सवय लावा; पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

बबल टिप खडकाच्या कपारीत पाय रोवतं. पहिल्या दिवसांत जागा शोधत फिरतं, तेव्हा वेव्हमेकरला, म्हणजे पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाला, जाळी लावलेली असलीच पाहिजे, नाहीतर पंख्यात सापडून चिंधड्या होतात. ते बसलेल्या जागेवरून ओढून काढू नका. एलईडी रोज आठ-दहा तास द्या, मात्र तीव्रता दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

आठवड्यातून एकदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरतो. मोठा दिला तर ते उलटी करून टाकतं. माशांना तांब्याचं औषध याच टाकीत कधीही देऊ नका. घरात डासांचा स्प्रे मारू नका, आणि शेतात फवारणी करून आलात तर नीट अंघोळ केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. कीटकनाशक अशा प्राण्यांना फार लवकर मारतं.

एखाद्या दिवशी ते मिटून तपकिरी घाण टाकेल, तेवढ्याने घाबरू नका. पण दोन-तीन दिवस तोंड उघडंच असेल, पाय सुटला असेल आणि कुजका वास येत असेल, तर वाट न पाहता बाहेर काढा आणि लगेच पाव भाग पाणी बदला. विरघळणारं एक ॲनिमोन रात्रीत अमोनिया वाढवून टाकीतले मासेही नेतं.