कॉफी शॉपमध्ये हवी तीच कॉफी कशी मिळवायची

पुण्यात एका कॉफी चेनच्या काउंटरमागे मी काही वर्षं काम केलं. आता गिऱ्हाईक म्हणून जाते, बहुतेक वेळा आईला घेऊन. आईला डायबेटिस आहे, त्यामुळे चुकीचा कप आला की आमचा प्रश्न चिडचिडीवर भागत नाही. अडीचशे-तीनशे रुपये मोजून भलतंच काहीतरी हातात येतं, आणि बरेच जण ‘जाऊ दे’ म्हणून ते पिऊन टाकतात. तसं करू नका. ऑर्डर कुठे चुकते ते मी आतून पाहिलंय. त्यातलं बरंचसं तुम्ही काउंटरवरच टाळू शकता.

आधी पेयाचं नाव सांगा

काउंटरवरची मुलगी तुमचं बोलणं स्क्रीनवर टिपत असते. त्या स्क्रीनवर आधी पेय निवडायचं, मग आकार, आणि त्यानंतर दूध, सिरप, बर्फ असे बदल टाकायचे, अशी रचना असते. तुम्ही “साखर नको हं, आणि छान गरम पाहिजे” अशी सुरुवात केलीत तर ते टिपायला तिच्याकडे जागाच नसते. ती लक्षात ठेवायचा प्रयत्न करते. मागे ग्राइंडर घरघरत असतो, वर गाणी चालू असतात, आणि तुम्ही ‘कॅपुचिनो’ म्हणेपर्यंत साखरेचं निसटलेलं असतं.

शिवाय गर्दीच्या वेळी कॉफी ती करत नाही. करणारा मुलगा मशीनपाशी असतो आणि तुमचं बोलणं त्याच्या कानावर पडलेलंच नसतं. त्याच्यापर्यंत पोचतं ते कपावरचं स्टिकर नाहीतर पेनाने केलेली खूण. तेव्हा क्रम असा ठेवा: गरम की गार, पेय, आकार, दूध, गोडी, मग बाकीचं. “गरम कॅपुचिनो, लहान, साधं दूध, कुठलंही सिरप नको, जास्त गरम, इथेच प्यायचीय.” एवढं बोलून झालं की थांबा आणि “ताई, एकदा परत सांगता का?” असं विचारा. हे पैसे द्यायच्या आधी करायचं. नंतर बिल हातात आलं की पेयाच्या नावाखालच्या बारीक ओळी वाचा. सांगितलेला बदल तिथे नसेल तर तो बहुधा कपावरही नसणार, आणि त्या क्षणी दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरतं.

साखरेचं नीट समजून घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मशीनवर केलेल्या साध्या कॅपुचिनोत, लाटेत (दूध जास्त, फेस कमी) किंवा अमेरिकानोत (एस्प्रेसोत नुसतं गरम पाणी) सहसा साखर घालत नाहीत. ती तुम्ही वरून पुडी फोडून घालायची. गोडी येते ती सिरप, चॉकलेट सॉस, पावडर, व्हिप्ड क्रीम आणि गोड फोममधून. त्यामुळे “हेझलनट लाटे, नो शुगर” असं म्हटलं की काउंटरवरचा मुलगा तो बदल टाकतो किंवा मान हलवतो, पण हेझलनटचा स्वाद ज्यातून येतो ते सिरप मुळातच साखरेचं असतं. सिरपच्या बाटलीवरच्या पंपाच्या एका दाबात साधारण चमचाभर साखर जाते, आणि कपात असे दोन-तीन दाब सहज पडतात.

आमच्या बाबतीत एका चेनमध्ये नेमकं हेच झालं. आईने बिनसाखरेची मागितली, बिलावर तशी ओळही छापून आली, आणि ट्रेमध्ये कपाशेजारी शुगर-फ्रीची पुडी ठेवलेली. आईने एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. कपात व्हॅनिला सिरप होतं. त्या मुलाने त्याच्या परीने काळजीच घेतली होती. पण साखर म्हणजे पुडी आणि सिरप म्हणजे फ्लेवर, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. हे शिकवणाऱ्यांनी सुधारायला हवं, मला या गोष्टीचा खरंच राग येतो. तोवर प्रश्न आपणच बदलायचा. “साखर नको” ऐवजी “यात सिरप, सॉस किंवा गोड पावडर पडते का?” असं विचारा. गार पेयांच्या बाबतीत आणखी एक विचारा: “बेस आधीच गोड आहे का?” फ्रापेसारख्या ब्लेंडरमधल्या पेयांचा बेस बहुतेक वेळा तयार मिश्रणाचा असतो, त्यातली साखर काढता येत नाही. मग ते पेय सोडून द्यायचं, दुसरा इलाज नाही.

पडताळायला एक सोपी युक्ती आहे. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या चेनना मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी दाखवाव्या लागतात, एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियमच आहे. त्याच आकाराचा साधा लाटे आणि फ्लेवरचा लाटे यांचे आकडे शेजारी ठेवा. 200 मिली टोन्ड दुधाच्या साधारण 120 कॅलरी होतात. एका चमचा साखरेच्या सोळा-सतरा. दोन पेयांत ऐंशी-शंभराचा फरक दिसला तर तो कशाचा, हे वेगळं सांगायला नको.

दुधाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर मात्र “बदाम दूध नको” एवढ्यावर थांबू नका. ‘ॲलर्जी आहे’ असं स्पष्ट सांगा आणि दुधाचा जग धुवून घ्यायला सांगा. वाफेची नळी सगळ्या दुधांना एकच असते, नुसती पुसली जाते. ॲलर्जी तीव्र असेल तर दुधाचं पेय तिथे घेऊच नये, असं माझं मत.

मनातली कॉफी आणि मेन्यूवरची कॉफी

आपल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला वाफेच्या मशीनवर फेसाळ दुधाची, वर पावडर भुरभुरवलेली कॉफी मिळते, तिला सगळे एस्प्रेसोच म्हणतात. तीच मनात धरून काका-काकू चेनमध्ये एस्प्रेसो मागतात आणि समोर येतो 30 मिलीचा कडू घोट. त्यांना हवा असतो कॅपुचिनो, वर कोको भुरभुरवून. तसंच कोल्ड कॉफीचं. कॉलेजच्या कँटीनमधली गोड, दाट, आइस्क्रीम घातलेली हवी असेल तर आइस्ड लाटे मागू नका. तो म्हणजे गार दूध, बर्फ आणि एस्प्रेसो, गोडी शून्य. कोल्ड ब्रू तर त्याहून वेगळा: कॉफीची भरड बारा तास किंवा जास्त गार पाण्यात भिजवून केलेला, बिनदुधाचा. फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना फ्लॅट व्हाइट आवडतो, असा माझा अनुभव. दूध कमी, कॉफी जाणवते.

बरोबर वडीलधारी मंडळी असतील तर त्यांच्या वतीने तुम्ही बोला, पण आधी त्यांना नेमकं काय हवंय ते विचारून घ्या. मेन्यूकडे बघत अवघडून उभे राहणारे आजोबा मी रोज पाहायचे. मागे रांग असली की ते घाईघाईत पहिल्या नावावर बोट ठेवायचे.

“कोमटच दिली”

काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार हीच. कॅपुचिनो-लाटेचं दूध 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवायला शिकवतात, कारण त्या तापमानाला दूध गोडसर लागतं आणि फेस रेशमी राहतो. सत्तरीच्या पुढे चव बिघडायला लागते. पण घरी उकळता चहा पिणाऱ्याला हे कोमटच वाटणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ऑर्डर देतानाच ‘एक्स्ट्रा हॉट’ म्हणा. कप मिळाल्यावर म्हणाल तर मुलाला सगळं नव्याने करावं लागतं, कारण एकदा वाफवलेलं दूध परत तापवलं की फेस धड येत नाही. बसून पिणार असाल तर चिनी मातीचा कप गरम पाण्याने विसळून घ्यायला सांगा. थंड कप बरीच उष्णता तिथेच खाऊन टाकतो.

आकार आणि बर्फ

स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर 2012 मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं आणि ‘टॉल’, ‘ग्रांडे’, ‘व्हेंटी’ हे आकार आपल्या कानावर पडायला लागले. टॉल म्हणजे उंच, तेव्हा मोठा, असं वाटतं. प्रत्यक्षात तो 354 मिलीचा, ग्रांडेहून लहान. त्याखालीही 237 मिलीचा शॉर्ट असतो. इतर चेनची नावं वेगळी, म्हणून सरळ “सगळ्यात लहान कप दाखवा” म्हणा. मोठा घेण्याआधी “यात शॉट (एस्प्रेसोचे घोट) किती?” हेही विचारा. बऱ्याचदा मोठ्या कपात कॉफी तेवढीच आणि दूध तेवढं वाढवलेलं असतं. कॉफी कडक हवी असेल तर लहान कपात एक शॉट जास्त घ्या.

‘बर्फ कमी’ म्हटल्यावर काही ठिकाणी ती जागा दुधाने भरतात, काही ठिकाणी कप तेवढा रिकामा ठेवतात. दुधाने भरला तर कॉफी पातळ होणार. काय करतात ते विचारून घ्या.

चुकलंच तर

दोन घोटांत लक्षात यायला हवं. अर्धा कप संपवून परत नेला तर पुढचं बोलणं अवघड होतं. बिल हातात घ्या, मशीनवरच्या मुलाकडे जा, आणि आधी वस्तुस्थिती सांगा: “दादा, बिलावर व्हॅनिला नाही, कपात आहे. बदलून द्या.” आवाज चढवायची गरज नाही. त्या मुलांना चुकलेला कप बदलून द्यायची बहुतेक ठिकाणी मुभा असते, पण रांगेसमोर अपमान झाला की कुणाचेही हात आखडतात. नकार आला तर शिफ्ट मॅनेजरला बोलवा. नवा कप नको असेल तर पैसे परत मागा आणि बिल रद्द झाल्याचा कागद घ्या, म्हणजे यूपीआयवर रक्कम आली नाही तरी हातात पुरावा राहतो.

बिलातही दोन गोष्टी बघा. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं बजावलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. बिलात ते शुल्क दिसलं तर काढून टाका म्हणा. आणि बिलासाठी मोबाइल नंबर द्यायची सक्ती नाही. “नंबर न टाकता करा” एवढं पुरतं. तरीही अडवणूक झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिलाचा फोटो आणि वेळ जवळ ठेवा.

घरपोच मागवत असाल तर कॅपुचिनो टाळा, वाटेतच फेस बसतो. अमेरिकानो किंवा कोल्ड ब्रू प्रवासात टिकतो. झाकण उघडण्याआधी स्टिकरचा फोटो काढा, आणि चुकलं असेल तर दुकानात फोन न करता ज्या ॲपवर पैसे भरलेत तिथेच तक्रार करा. पैसे परत मिळतात ते तिथूनच.