१९७५ ची चाळीतली खोली, विद्यार्थ्यांच्या बजेटात

फिल्मसाठी १९७५ ची चाळीतली खोली उभी करायची, तर आधी वर्ष आणि महिना पक्का करा. नुसतं ‘सत्तरचं दशक’ म्हटलं की कलाविभाग जुनं दिसेल ते गोळा करत सुटतो. जून १९७५, गिरगावातली दहा बाय बाराची खोली, बिऱ्हाड वीस वर्षं तिथलंच, एवढं ठरलं की निम्मे वाद मिटतात. मग ट्रंक १९५५ ची, म्हणून पोचे पडलेली, आणि कॅलेंडर यंदाचं, म्हणून करकरीत. नवशिके नेमके त्या दिवशीचा पेपरच चहात बुडवून पिवळा करतात. अहो, तो सकाळीच दारात पडलाय!

चहा लावायचा तो फक्त जुन्या पत्रांना. १ लिटर पाण्यात ४ चमचे पावडर उकळा, गाळा, पूर्ण गार करा. कागद मिनिटभर बुडवून सपाट वाळवा. इंकजेटची शाई पाण्यात फुटते, म्हणून मजकुराची लेझर प्रिंट घ्या.

१९७५ चे तारीख-वार २०१४ आणि २०२५ शी तंतोतंत जुळतात, त्यामुळे कॅलेंडर फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. पण सण तिथीवर चालतात, ते जुळत नाहीत. क्लोजअप असेल तर ते पान नव्याने छापा.

सर्वांत जास्त घात भिंत करते. मॉड्युलर स्विच उखडू नका. त्यावर बसेल असा पोकळ लाकडी बोर्ड करा, त्यावर जुन्या बाजारातली काळी बॅकेलाइटची बटणं नुसती स्क्रूने बसवा (करंट जोडायचा नाही) आणि बोर्डापासून छतापर्यंत वायरिंगची वाटावी अशी लाकडी पट्टी न्या. आजचा प्लॅस्टिक पेंट दिव्याखाली चमकतो. मालक रंगवू देत नसेल तर ८ बाय ४ फुटांचे प्लाय उभे करा: खाली कमरेपर्यंत गडद ऑइलपेंट, वर नीळ घातलेलं डिस्टेंपर. प्लायवर चुना धरत नाही, पोपडे सुटतात. कॅमेऱ्याला दोनच भिंती दाखवा, म्हणजे खर्चही निम्मा.

छताला एकच पिवळा बल्ब पुरे. एलईडी घेतलात तर २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा. तरी चित्रात पट्टे सरकताना दिसले तर एलईडीचा ड्रायव्हर (बल्बातलं वीज सांभाळणारं सर्किट) हलक्या प्रतीचा आहे, बल्ब बदला. नंतर चित्रावर सेपियाची तपकिरी छटा चढवू नका. तेव्हाची माणसं तपकिरी नव्हती.

भांडी घरून आणाल तेव्हा कडेवर कोरलेली नावं वाचा. ‘सौ. कां. ... हिस, १४-५-९८’ असं कोरलेला तांब्या अख्खा शॉट बुडवतो. तो भाग भिंतीकडे फिरवा. फळीवर अंथरलेल्या पेपरात रंगीत फोटो नको. गांधीजींचं चित्र असलेली नोटांची मालिका १९९६ ची. अशोकस्तंभाच्या नोटा नाणीवाल्यांकडून आणा, झेरॉक्स मारू नका, तो गुन्हा आहे. दुकानाची पाटी दिसणार असेल तर पत्र्यावर पेंटरकडून रंगवून घ्या. संगणकावरचा फॉन्ट लांबूनही ओळखू येतो.

सेट लागला की कॅमेऱ्याच्या जागेवरून एक स्थिरचित्र काढा, लॅपटॉपवर मोठं करा आणि सेट न लावलेल्या माणसाला कोपरान् कोपरा तपासायला बसवा. खिडकीबाहेरची डिश अँटेना तोच पकडतो. तिथे दोरीवर अर्धा पडदा ओढा.

आवाजात रिव्हर्स हॉर्न आणि एसीची घरघर येते, म्हणून संवाद पहाटे उरका. रेडिओवरचं गाणं हक्कांमुळे परवडत नाही. निवेदन स्वतः लिहून रेकॉर्ड करा आणि रेडिओच्या खोक्यात छोटा स्पीकर लपवून वाजवा. मात्र संवादाच्या टेकमध्ये तो बंद ठेवा, नाहीतर संकलनात एकही कट जुळणार नाही.