जुन्या गाडीतली खडखड नेमकी कुठून येतेय ते कसं शोधायचं

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की कुठून ना कुठून खडखड सुरू होतेच, मग आपण गॅरेजला जाऊन नुसतं "आवाज येतोय बघा" म्हणतो, मेकॅनिक अंदाजाने एक पार्ट बदलतो, आवाज तसाच, मग दुसरा पार्ट. माझ्याकडे पुढचे दोन्ही शॉकअप बदलून झाले आणि शेवटी आवाज निघाला लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा). म्हणून कुठून येतो ते नंतर, आधी आवाज कधी येतो ते पकडा.

सगळ्यात आधी डिक्की पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनीचा स्क्रू नीट आवळलाय का बघा, ग्लोव्ह बॉक्स, दाराचे कप्पे, मागच्या सीटबेल्टची बक्कलं, सीटखाली गेलेली बाटली (ती ब्रेक पेडलखाली घरंगळली तर जिवावर बेतेल, तेव्हा काढाच). मग दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसून ऐका.

तरी आवाज आहेच? मग गाडी उभी करून न्यूट्रल, हँडब्रेक, आणि हळूहळू रेस द्या. एका ठराविक रेसलाच पत्रा थरथरल्यासारखा झिर्र आवाज येतो आणि पुढे गेला की बंद होतो, असं असेल तर बहुतेक वेळा सायलेन्सरवरची हीट शील्ड असते. तो पातळ पत्रा असतो, बोल्टच्या भोवती गंजतो, भोक मोठं होतं आणि पत्रा नुसता लटकत राहतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर हाताने हलवून बघा. बोल्ट शाबूत असेल तर खाली मोठा वॉशर टाकून आवळा, नसेल तर स्टीलचा होज क्लॅम्प पाइप आणि शील्डभोवती गुंडाळून आवळला की काम होतं. शील्ड काढून फेकू मात्र नका, वरच्या फ्लोअरला आणि वायरिंगला उष्णतेपासून तीच वाचवते. तिथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर कमी विषारी करणारा डबा) मुठीने हलकं ठोकून बघा, आत खडे खुळखुळल्यासारखं वाटलं तर आतली जाळी तुटलीय, त्याला दुरुस्ती नाही, बदलावाच लागतो.

उभ्या गाडीत काहीच नाही पण खराब रस्त्यावर हळू जाताना टकटक-खडखड येते, तर खालचं काम. आधी व्हील नट तपासा, ते ढिले असतील तर बाकी काही बघत बसू नका. मग तसाच रस्ता, तसाच स्पीड, फक्त ब्रेक पेडल अगदी हलकं दाबा. आवाज गेला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिना ढिल्या आहेत. नाही गेला तर लिंक रॉड, लोअर आर्मचे (चाक खालून धरणारा दांडा) रबरी बुश, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, असं एकेक. लिंक रॉड हाताने जोरात हलवला की खेळ लगेच कळतो, आणि बदलणंही सोपं आहे, फक्त नट काढताना आतला बोल्ट सोबत फिरतो तो अॅलन कीने धरावा लागतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना रेस दिल्यावर कटकट येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), तेव्हा त्याचं रबरी बूट फाटलंय का बघा.

एक हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली अजिबात जाऊ नका, जॅक स्टँड लावा, चाकांना अडण लावा.

आणि सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर इंजिनमधून दोन-चार सेकंद खडखड येऊन थांबत असेल तर टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर असू शकतो, आधी ऑइलची लेव्हल बघा, कमी असेल तर भरा, आणि तरीही येत असेल तर चालढकल न करता दाखवून घ्या. चेन सुटली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं. गॅरेजला जाताना थंड इंजिन स्टार्ट करतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, कारण तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं आणि आवाज येत नाही.