साताऱ्यात राहून जुना समुद्र कसा वाचावा

अजिंक्यताऱ्याच्या किंवा यवतेश्वराच्या डोंगराकडे पाहिलं की एकावर एक थर दिसतात. हा समुद्राचा गाळ नव्हे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. जवळ जाऊन पाहा. थराच्या माथ्याला वायूच्या बुडबुड्यांची भोकं, कुठे कुठे दोन थरांमध्ये तांबड्या मातीची पट्टी. वाळूचे कण नाहीत, शिंपले नाहीत. नुसते थर पाहून समुद्र म्हणायचं नाही, एवढं आधी पक्कं करा.

मग पूर ओसरल्यावर संगम माहुलीला जा. जिथे धार जोरात होती तिथे गोटे आणि भरड वाळू, जिथे पाणी थबकलं तिथे मऊ गाळ. उन्हात त्या गाळाला भेगा पडतात. वाळू उरली असेल तिथे तिच्यावरच्या लहरी खाली बसून पाहा: नदीच्या लहरीचा एक उतार लांबट असतो, दुसरा उभा. समुद्रकाठच्या लाटा पुढेमागे होतात, तिथे दोन्ही उतार बहुधा सारखे. भेगा असोत वा लहरी, हीच नक्षी दगडात टिकते. हे डोळ्यांत बसेपर्यंत दोन-तीनदा तरी जाच.

आता घरात या. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो, कारण तो चुनखडक आहे आणि आम्लाने झिजतो. शहाबादी फरशीचंही तसंच. चुनखडक तळ्यातही साचतो, त्यामुळे एवढ्यावरून समुद्र ठरत नाही. पण या दगडांचे बारीक कणांचे थर खाणींच्या मुलखात मैलोन्‌मैल पसरलेत, ते उथळ, शांत समुद्राच्या तळाचे. त्यांत शंखशिंपले शोधू नका. कवचधारी प्राणी पृथ्वीवर येण्याआधीचे हे दगड आहेत. जीवाश्म नाहीत म्हणजे समुद्र नव्हता, असं होत नाही.

जीवाश्म पाहायचाच तर देवघरातला चक्राचा शाळिग्राम पाहा. (त्याला लिंबू लावू नका, घासूही नका.) ते चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष प्राण्याचं कवच. अमोनाइट फक्त समुद्रातच राहत, म्हणून गंडकीच्या खोऱ्यातला तो काळा दगड हिमालय उभा राहण्याआधीच्या समुद्राची साक्ष देतो. शिंपले सापडले तर त्यांची अवस्थाही बघा: दोन्ही शिंपा जोडलेल्या असतील तर प्राणी बहुधा जागीच गाडला गेला, चुरा असेल तर लाटांनी फरफटत आणलेला. पोवळ्यांचा खडक मिळाला तर पाणी बहुधा उबदार, उथळ आणि नितळ होतं.

शेवटी थरांचा क्रम, नेहमी खालून वर वाचायचा. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या बाघ गावाजवळ, खाली नदी-किनाऱ्याच्या वाळूचा वालुकाश्म आहे, वर समुद्री अर्चिन (काटेरी कवचाचे समुद्री प्राणी) आणि अमोनाइट असलेला चुनखडक. म्हणजे समुद्र जमिनीवर चढत आला. आणि त्या चुनखडकाच्याही वर आहे अजिंक्यताऱ्याचा सोयरा, लाव्हाचा तोच काळा दगड.