पतसंस्थेत चिकटायच्या आधी स्टाफिंग पॅटर्न विचारा

बीकॉम झाल्या झाल्या सोलापुरात नव्या पेठेजवळच्या एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून चिकटलो. जाहिरात नाही, परीक्षा नाही, चेअरमन म्हणाले उद्यापासून ये, गेलो. संस्थेच्या कमिटीचा (संचालक मंडळाचा) ठराव झालाय म्हणजे आपण पक्के, एवढीच अक्कल होती तेव्हा. तिसऱ्या वर्षी ऑडिटरने शेरा मारला की मंजूर आकृतिबंधात, म्हणजे स्टाफिंग पॅटर्नमध्ये (कुठल्या पदाची किती माणसं ठेवायची त्याचा तक्ता), ही जागाच नाही आणि माझा पगार अडकला. चेअरमन म्हणाले डीडीआर (सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक) ऑफिसला जाऊन विचार, तिथले साहेब म्हणाले तुला आम्ही नेमलंय का? आता दोघंही आपापल्या जागी बरोबरच, मधल्यामधे मी लटकलो.

नंतर जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) चा अभ्यास करताना कळलं, माणसं किती आणि कोण हे कमिटीने ठरवायचं की सरकारने, हे भांडण जुनं आहे. आपल्या 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम 73 कारभार कमिटीकडे देतं आणि 79अ सरकारला निर्देश द्यायचा अधिकार देतं. सहकारी पतपुरवठा सुधारायला केंद्राने नेमलेली वैद्यनाथन समिती म्हणालेली की शेती पतपुरवठ्याच्या सोसायट्यांनी भरती, बदली, पगार आपलं आपण ठरवावं. 2011 च्या 97व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांचं 'स्वायत्त कामकाज' घटनेत घातलं (कलम 43ब, आणि संस्था कशा चालवायच्या त्याचं नऊ-ब प्रकरण), पण सहकार राज्याचा विषय आणि राज्यांची मंजुरी घेतलीच नव्हती म्हणून 2021 ला सुप्रीम कोर्टाने राज्यातल्या संस्थांपुरतं त्यातलं आख्खं नऊ-ब प्रकरण उडवलं, 43ब मात्र राहिलं.

मला विचाराल तर स्वायत्तता ऐकायला भारी, प्रत्यक्षात चेअरमनचा भाचा काउंटरला बसतो. (मीही वशिल्यानेच लागलेलो, खोटं कशाला बोलू.) पण पगार सरकार देत नाही ना, वसुली झाली तर पगार, मग माणसं किती लागतात हे ऑफिसातल्या साहेबांना कसं कळणार?

तर नवीन पोरांनो, आधी मंजूर स्टाफिंग पॅटर्न आणि सेवानियम बघायला मागा, ऑर्डरवर ठराव नंबर आणि तारीख आहे का बघा, पीएफ कापतात का बघा. आणि वाद झालाच तर सहकार न्यायालयात हेलपाटे मारू नका, नोकरीच्या अटींचा वाद म्हणजे संस्थेच्या धंद्याचा वाद नाही हे सुप्रीम कोर्टाने 1969 लाच सांगितलंय, लेबरचा वकील गाठा.

माझी जागा पुढं सुधारित आकृतिबंधात बसली, मागचा पगार तुकड्या तुकड्यात मिळाला. ऑर्डर मात्र लॅमिनेट करू नका, मी केली आणि पुढं मूळ प्रतीवर शिक्का मारायची वेळ आली तर शाई बसेना.